वाहनातील ॲम्प्लिफायर आणि ट्रान्झिस्टरची पारख : बुलढाणा जिल्ह्यातील एका व्यवसायाचा इतिहास

वाहनातील ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा व्यवसाय बुलढाणा जिल्ह्यात स्वतंत्रपणे जन्माला आला नाही. सभा-समारंभांना कर्णे भाड्याने देणारे मंडपवाले, घरगुती रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आणि मोटारींच्या वायरिंगची कामे करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन या तीन जुन्या धंद्यांच्या सरमिसळीतून तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. ॲम्प्लिफायर म्हणजे मायक्रोफोन, टेप किंवा रेडिओकडून येणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून तो स्पीकर हलवू शकेल इतका बलवान करणारे यंत्र. मंडपवाल्यांच्या बोलण्यात त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. हे मशीन बंद पडले की दुरुस्ती करणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : एकसारख्या दिसणाऱ्या अनेक भागांपैकी नेमका कोणता भाग निकामी झाला आणि तो कशामुळे झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मीटर देतो, दुसऱ्याचे देत नाही, आणि या व्यवसायातील कौशल्याचा इतिहास हा मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

जिल्ह्याची रचना या व्यवसायाला पोषक होती. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात मोडतात. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ असल्यामुळे जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा १८७० मध्येच सुरू झाली होती, आणि १९०५ मध्ये खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्याला जोडण्यात आले. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला गेलेला, आता ५३ क्रमांकाचा रस्ता, हे दोन्ही मलकापूर, नांदुरा या घाटाखालच्या पट्ट्यातून गेले. परिणामी मालमोटारी, टॅक्स्या आणि जीपगाड्या यांची वर्दळ, बाजाराचा पैसा आणि मुंबईहून सुटे भाग येण्याची सोय अशा तिन्ही गोष्टी या पट्ट्यात एकत्र आल्या. घाटावरच्या गावांत रेल्वे नसल्यामुळे सारी भिस्त रस्त्यावरच्या वाहनांवर राहिली, आणि ज्या प्रदेशात माणूस वाहनात दीर्घकाळ बसतो त्या प्रदेशात वाहनात गाणेही वाजते.

ट्रान्झिस्टरपूर्वीचा काळ व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तंतू तापवून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि त्यांचा प्रवाह एका जाळीने कमीजास्त करता येतो. भारतातील राजकीय सभांना आवाज पुरवण्यात मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या संस्थेचे नाव आघाडीवर होते. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून तिचे कर्णे राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठांवर दिसू लागले, आणि १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानक मोटवाने यांच्यावरही आरोप ठेवण्यात आले होते, त्यांतून ते निर्दोष सुटले. दिल्लीत १९४० मध्ये स्थापन झालेल्या अहुजा रेडिओजची यंत्रे पुढे देशभरातील मंडपवाल्यांकडे पोहोचली. व्हॉल्व्हच्या यंत्रात दोष शोधणे तुलनेने सोपे असे, कारण तंतू पेटला आहे की नाही हे डोळ्यांना दिसे, आणि संशयित व्हॉल्व्ह खोबणीतून उपटून त्या जागी चांगला बसवून पाहता येई. डाख न उकलता भाग बदलून पाहण्याची ही सोय ट्रान्झिस्टरने बहुतांशी काढून घेतली.

वाहनात व्हॉल्व्ह चालवणे मात्र अवघड होते. व्हॉल्व्हला शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागतो, तर गाडीच्या बॅटरीचा दाब ६ किंवा १२ व्होल्टचा असतो. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्या पिढीच्या रेडिओंत व्हायब्रेटर नावाचा भाग रूढ झाला. हा भाग बॅटरीच्या सरळ प्रवाहाचे सेकंदाला शंभराच्या आसपास तुकडे करी, आणि तुकडे झालेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवता येई. व्हायब्रेटरची पाती घासून किंवा चिकटून बसत, गाडीच्या हादऱ्यांनी व्हॉल्व्ह सैल होत, आणि सगळ्या यंत्राची भूक इतकी मोठी असे की इंजिन बंद ठेवून रेडिओ चालू राहिला तर बॅटरी उतरे. बॅटरीच्या दाबाचे तुकडे करून तो चढवण्याची ही जुनी कल्पना अर्धशतकानंतर वाहनातील मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये वेगळ्या रूपात परत आली, हे पुढे दिसेल.

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १६ डिसेंबर १९४७ रोजी लागला. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, विल्यम शॉकली यांनी त्यानंतर अधिक टिकाऊ रचना मांडली, आणि १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. जर्मेनियम किंवा सिलिकॉन या अर्धवाहक पदार्थाचे, म्हणजे धातूइतका सहज वीज वाहू न देणाऱ्या पण काचेसारखा पूर्ण अडवूनही न धरणाऱ्या पदार्थाचे, एकमेकांना लागून असलेले तीन थर त्यात असतात. मधल्या थराला बेस, बाजूच्या दोघांना एमिटर आणि कलेक्टर म्हणतात, आणि बेसमधून सोडलेला लहान प्रवाह कलेक्टर व एमिटर यांच्यामधील मोठ्या प्रवाहाचे नियमन करतो. फिल्को आणि क्रायस्लर या कंपन्यांनी १९५५ मध्ये व्हॉल्व्हविरहित मोटार-रेडिओ सादर केला. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमच्या अर्धवाहक भागांचे उत्पादन सुरू केले, तर दिल्लीची कॉन्टिनेंटल डिव्हाइस ही कंपनी १९६४ पासून सिलिकॉनच्या भागांकडे वळली. देशी माल बाजारात आल्यामुळेच तालुक्याच्या गावातील कारागिराला ट्रान्झिस्टर बदलणे परवडू लागले. तोवर असे यंत्र बंद पडले की ते मोठ्या शहराकडे रवाना होई.

जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर घाटाखालच्या हवामानाला मानवणारा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डमागचे तापमान त्याहून पुष्कळ वर चढते. जर्मेनियमच्या जोडाला साधारण ७५ ते ९० अंशांपर्यंतच उष्णता सोसते. शिवाय बेसला संकेत नसतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, ज्याला कारागीर ‘लीकेज’ म्हणतात, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की हे झिरपणे जवळजवळ दुप्पट होते. झिरपण्यामुळे ट्रान्झिस्टर तापतो, तापल्यामुळे अधिक झिरपतो, आणि हे चक्र वेळीच थांबले नाही तर तो स्वतःच जळतो. म्हणून त्या काळात ‘सकाळी वाजतो, दुपारी चिरका होतो, संध्याकाळी पुन्हा बरा होतो’ अशी तक्रार आली की तिचा रोख सरळ आउटपुट ट्रान्झिस्टरकडे असे. अशा दोषाची परीक्षा थंड स्थितीत निष्फळ ठरते. पाय सुटे करून मीटर लावायचा, जवळ तापलेली सोल्डरची इस्त्री धरून ट्रान्झिस्टर किंचित गरम करायचा आणि काटा सरकतो का ते पाहायचे, ही रीत त्यावर उपाय म्हणून वापरात आली.

सिलिकॉनने ही अडचण पुष्कळशी दूर केली. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आणलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर भारतीय दुरुस्ती-व्यवसायात इतका रुळला की बॅटरीवर चालणाऱ्या मंडपाच्या मशीनपासून घरगुती बॅटरी-एलिमिनेटरपर्यंत तो सर्वत्र आढळू लागला. १५ अँपिअर प्रवाह, ६० व्होल्ट दाब आणि ११५ वॉट उष्णता ही त्याची कागदावरची क्षमता. दोन टोकांना स्क्रूसाठी भोके असलेले त्याचे चपटे धातूचे कवच हेच त्याचे कलेक्टर असते, त्यामुळे तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर थेट बसवता येत नाही. मध्ये अभ्रकाचा पातळ पत्रा आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावावी लागते. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे हे अभ्रक तडकले किंवा त्याखाली धातूचा कीस अडकला तर कलेक्टर सांगाड्याला टेकतो आणि फ्यूज उडतो, जरी ट्रान्झिस्टर स्वतः पूर्ण शाबूत असला तरी. जाणता कारागीर म्हणूनच ट्रान्झिस्टर उपटण्याआधी मीटरचे एक टोक त्याच्या कवचावर आणि दुसरे हीटसिंकवर ठेवून पाहतो. ही एका क्षणाची तपासणी चुकली तर चांगला ट्रान्झिस्टर टाकला जातो, त्याच फाटक्या अभ्रकावर नवा चढतो आणि फ्यूज पुन्हा उडतो.

व्यवसायाला खरी बरकत आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट भारतात १९८० च्या दशकात स्वस्त झाली, आणि एसटी जिथे दिवसातून एकदोनदाच पोहोचे अशा गावांना जोडणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत टेप हा जवळजवळ आवश्यक भाग झाला. रेडिओसाठी टपाल कचेरीतून घ्यावा लागणारा परवाना त्याच दशकाच्या मध्यास रद्द झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची गाडी आली आणि खासगी मोटारींची संख्याही वाढू लागली. टेपचा स्वतःचा आवाज अपुरा वाटला की त्याच्या पुढे ‘बूस्टर’, म्हणजे आवाज वाढवणारा जोड-ॲम्प्लिफायर, बसवला जाई. कच्च्या रस्त्याचे हादरे, इंजिनाची उष्णता, कपाशीच्या हंगामातील धूळ आणि चढउतार करणारा डायनॅमो अशा परिस्थितीत या बूस्टरमधील ट्रान्झिस्टर वारंवार जात, आणि तो जाणे हेच दुरुस्ती-दुकानाचे उत्पन्न होते. रंगीत दूरचित्रवाणी १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर देशात आली तेव्हा अनेक रेडिओ-कारागीर टीव्हीकडे वळले. गाडीचे काम धूळ-ग्रीसचे म्हणून मागे राहिले आणि ते ज्यांनी धरून ठेवले त्यांची एक वेगळी ओळख तयार झाली.

ट्रान्झिस्टर तपासण्याची मूळ रीत त्याच्या रचनेतूनच निघते. तीन थरांमध्ये दोन जोड असतात आणि प्रत्येक जोड डायोडसारखा वागतो, म्हणजे एका दिशेने वीज जाऊ देतो व उलट दिशेने अडवतो. एनपीएन प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये मीटरचे धन टोक बेसवर ठेवले असता ऋण टोक एमिटरवर लावून आणि कलेक्टरवर लावून, दोन्ही वेळा वीज गेली पाहिजे. टोके उलटी केली असता दोन्हीकडे अडली पाहिजे. आणि कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये कोणत्याही दिशेने जाता कामा नये. पीएनपी प्रकारात याच्या उलट. सिलिकॉनच्या जोडावर डिजिटल मीटर ०.५ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान आकडा दाखवतो, जर्मेनियमवर ०.२ ते ०.३, आणि बेस-एमिटरचा आकडा बेस-कलेक्टरहून किंचित अधिक येतो, ज्यावरून अनोळखी ट्रान्झिस्टरचे पाय ओळखता येतात. कलेक्टर-एमिटर शून्य दाखवत असेल तर ट्रान्झिस्टर ‘शॉर्ट’, बेसवरून कोणतीच वाट मिळत नसेल तर ‘ओपन’. काट्याच्या जुन्या मीटरमध्ये एक मेख होती : रोध मोजण्याच्या पट्ट्यावर त्याच्या काळ्या टोकातून आतील सेलचा धन दाब बाहेर येई, तर डिजिटल मीटरमध्ये तो लाल टोकातून येतो. काट्याच्या मीटरवर हात बसलेल्या पिढीने डिजिटल मीटर हाती घेतला तेव्हा एनपीएन हा पीएनपी वाटण्याची चूक यातूनच होत असे.

ही परीक्षा सुट्या ट्रान्झिस्टरवर चोख उत्तर देते. प्लेटवर, म्हणजे छापील मंडलावर बसलेल्या ट्रान्झिस्टरवर ती फसवते. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला साधारणपणे एक एनपीएन आणि एक पीएनपी अशी जोडी असते. एक जण संकेताचा वरचा अर्धा भाग आणि दुसरा खालचा अर्धा भाग पुढे ढकलतो. त्यांच्या एमिटरला ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे रोधक असतात, त्यांच्या मागे ड्रायव्हर नावाचे लहान ट्रान्झिस्टर असतात आणि समांतर जोडलेल्या अनेक जोड्या असल्या तर एकाचा शॉर्ट सगळ्यांवर दिसतो. मोठ्या यंत्रात एका शॉर्टसाठी आठही ट्रान्झिस्टर बदलणे ही नवख्याची खूण मानली जाते, तर अनुभवी हात आधी करपलेला एमिटर-रोधक हुडकतो, कारण शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरमधून सगळा प्रवाह धावल्यामुळे बहुधा त्याचाच रोधक आधी उडालेला असतो. त्यानंतर त्या एकट्याचा पाय डाख उकलून वर उचलला जातो आणि उरलेल्यांवरचा शॉर्ट नाहीसा झाला की शोध संपतो.

१९८० च्या दशकापासून सुट्या ट्रान्झिस्टरांची जागा एकात्मिक मंडलाने, म्हणजे आयसीने घ्यायला सुरुवात केली, आणि सान्यो कंपनीचा एलए४४४० हा आयसी भारतीय कार-टेपमध्ये इतका बोकाळला की ‘फोर फोर फोर झिरो’ हे त्याचे उच्चारण प्रत्येक दुकानात ऐकू येऊ लागले. दोन वाहिन्यांना प्रत्येकी ६ वॉट, किंवा दोन्ही भाग जोडून एकच वाहिनी केल्यास १९ वॉट, ही त्याची मर्यादा मनमानी नव्हती. इंजिन चालू असताना गाडीचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला एकेरी जोडणीत सैद्धांतिक कमाल साधारण ६.५ वॉट आणि जोडीच्या जोडणीत साधारण २६ वॉट मिळू शकतात, त्यांतून मंडलातील घट वजा जाते. याहून मोठा आवाज हवा असेल तर बॅटरीचा दाबच चढवला पाहिजे, आणि १९९० नंतर खुल्या झालेल्या बाजारात जे परदेशी बनावटीचे ॲम्प्लिफायर डिकीत बसू लागले त्यांनी नेमके हेच केले.

या यंत्राचे दोन स्वतंत्र भाग असतात. पहिल्या भागात टीएल४९४ सारखा आयसी मॉसफेट नावाच्या ट्रान्झिस्टरांना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. जुना व्हायब्रेटर पात्यांनी जे करी तेच हे ट्रान्झिस्टर घासल्याविना करतात, आणि कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून धन व ऋण असा दुहेरी उच्च दाब तयार होतो. दुसऱ्या भागात नेहमीचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर असतो. मॉसफेट हा बेसच्या प्रवाहाने चालत नाही, गेट या पायावरच्या दाबाने चालतो. त्याचे उरलेले दोन पाय ड्रेन आणि सोर्स. म्हणून डायोडची जुनी परीक्षा त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. ड्रेन-सोर्स यांच्यामध्ये एका दिशेने ०.५ व्होल्टच्या आसपास दिसणे हे त्याच्या अंगचेच आहे, दोष नव्हे. गेटपासून मात्र कुठेही वाट मिळता कामा नये. लाल टोक गेटला क्षणभर लावून, काळे सोर्सवर ठेवून गेट भारला की ड्रेन-सोर्सची वाट उघडायला हवी आणि गेट-सोर्सला बोट टेकवून भार उतरवला की ती मिटायला हवी. पण पुष्कळ डिजिटल मीटरचा दाब मॉसफेट पुरता उघडण्यास अपुरा पडतो, तेव्हा न उघडणारा मॉसफेट लगेच बाद ठरवणे चूक असते.

समांतर बसवलेल्या मॉसफेटांमधून दोषी ओळखण्यास गेटचा रोधक उपयोगी पडतो. प्रत्येक गेटला स्वतःचा लहान रोधक असल्यामुळे फुटलेल्या मॉसफेटच्या गेटवर मोजणी शून्याजवळ येते, तर शेजारच्या शाबूत मॉसफेटांच्या गेटवर ती रोधकांच्या किमतीने अधिक येते; फरक काही ओहमांचाच असतो, पण तो सरळ बोट दाखवतो. पुरवठ्याच्या बाजूचे मॉसफेट बदलून यंत्र लगेच बॅटरीला जोडणे ही या कामातील सर्वात महागडी घाई होय. आवाजाच्या बाजूचा एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर पुरवठ्यावर अवाजवी भार पडून नवे मॉसफेट क्षणात जातात. त्यामुळे पहिल्यांदा वीज देताना फ्यूजच्या जागी गाडीचा १२ व्होल्टचा २१ वॉटचा दिवा ओळीत जोडण्याची पद्धत आहे : दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर यंत्र निभावले, तो भक्क पेटलेला राहिला तर दोष अजून आत आहे आणि दिव्याने नवे भाग वाचवले. घरगुती विजेवरच्या यंत्रांसाठी दुकानात टांगलेला ‘सिरीज बोर्ड’ हेच काम करतो.

शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर हा बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. स्पीकरची वायर दरवाजाच्या फटीत चिरडून सांगाड्याला टेकलेली असते, चार ओहम सोसणाऱ्या यंत्राला समांतर स्पीकर लावून दोन ओहमांवर आणलेले असते, बॅटरीची बारीक वायर आणि सैल अर्थ यांमुळे दाब कोसळत असतो, किंवा सीटखाली कोंबलेल्या हीटसिंकला वारा मिळत नसतो. हे मूळ कारण यंत्र टेबलावर आले की दिसेनासे होते, कारण ते गाडीतच राहिलेले असते. त्यामुळे या व्यवसायात गाडी दारात उभी असणे आवश्यक मानले गेले, आणि रेडिओ-कारागिराचे मीटर व ऑटो इलेक्ट्रिशियनचे वायरिंगचे ज्ञान या दोन विद्या एकाच माणसाच्या अंगी येण्याचे ते मुख्य कारण ठरले.

एकविसाव्या शतकात या कामाचा मोठा हिस्सा मोटारींकडून ‘डीजे’ लावलेल्या मालवाहू गाड्यांकडे सरकला. जिल्ह्यात वर्षभर मिरवणुकांना तोटा नाही : १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथील जिजाऊ जन्मोत्सव, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, पुढे गणपती, नवरात्र आणि कोजागिरीपासून खामगावच्या जगदंबेचा उत्सव, शिवाय मध्ये लग्नसराई. या गाड्यांवरील मशीनमध्ये तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीचे राज्य आहे. या ट्रान्झिस्टरची १५० वॉटची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. जोडाची कमाल मर्यादा १५० अंश असल्यामुळे कवच ७५ अंशांवर पोहोचले की ती ९० वॉटवर येते. वैशाखातील दुपारच्या वरातीत हीटसिंक हात लावू देत नाही, तेव्हा छापील क्षमतेवर विसंबून निवडलेल्या जोड्या कमी पडतात. जोड्यांची संख्या वाढवून प्रत्येकीवरचा भार हलका ठेवणे आणि पंखे चालू आहेत की नाही हे पाहणे, हाच घाटाखालच्या उन्हाळ्यावरचा इलाज आहे.

नकली माल हे या टप्प्यावरचे मोठे संकट होय. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली या महाराष्ट्रातील सुट्या भागांच्या जुन्या पेठा. तेथून किंवा अलीकडे घरपोच मागवलेल्या मालात वरचे नाव खरवडून छापलेले ट्रान्झिस्टर मिसळलेले असतात. त्यांच्या आतली सिलिकॉनची चकती लहान असते, पण दोन जोडांची परीक्षा ते निर्दोष उत्तीर्ण होतात, कारण मीटर सूक्ष्म प्रवाहावर मोजतो आणि नकलीपणा भाराखाली उघडा पडतो. संशयित मालातील एक ट्रान्झिस्टर फोडून आतील चकतीचा आकार पाहणे, छपाई आणि पायांची जाडी जुन्या अस्सल नमुन्याशी ताडणे, आणि जोडी लावल्यावर यंत्र तासभर भारावर चालवून पाहणे, एवढेच उपाय कारागिराच्या हाती उरतात. जळालेले अस्सल ट्रान्झिस्टर टाकून न देता नमुना म्हणून डबीत जपण्याची सवय यातूनच आली.

या धंद्याला कायद्याचीही चौकट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत घातली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकबंदी ठामपणे उचलून धरली. मशीन दुरुस्त करणाऱ्याचे पोट ज्या आवाजावर चालते त्याच आवाजाचा शेजारच्या आजारी माणसाला त्रास होतो, हा विरोध या व्यवसायाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात नोंदवावाच लागेल.

ज्ञानाचा प्रवाह दोन वाटांनी आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम ही एक वाट. १९८३ मध्ये शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यानंतर उच्च तंत्रशिक्षणही जिल्ह्यात आले. दुसरी, अधिक रुंद वाट उमेदवारीची होती : मुलगा दुकानात झाडलोट आणि डाख उकलण्यापासून सुरुवात करी आणि मीटर हाती येईपर्यंत वर्षे जात. कंपन्या मंडलाचे आराखडे देत नसल्यामुळे कारागीर प्लेट पाहून वहीत आकृती काढून घेत, त्यावर चांगल्या स्थितीतील व्होल्टेज लिहून ठेवत, आणि पुढच्या वेळी तेच यंत्र आले की त्या आकड्यांशी तुलना करत. नव्या गाड्यांत संगीतयंत्रणा कारखान्यातच बसते, डी वर्गाचे ॲम्प्लिफायर एका लहान प्लेटवर मावतात, सुटा भाग बदलण्यापेक्षा सबंध प्लेट बदलणे स्वस्त पडते, आणि त्यामुळे या वह्यांची गरज आणि त्यांचे मालक दोन्ही कमी होत चालले आहेत.

ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले बुलढाण्याचे गॅझेटिअर १९१० चे. त्यात कापूस, सरकी आणि सूतकताईच्या नोंदी आहेत, विजेच्या उपकरणांचा धंदा तोवर जन्मलाच नव्हता. त्यानंतरच्या शंभर वर्षांत जिल्ह्यातील बाजारपेठांत जी कारागिरी रुजली तिची नोंद अशाच एखाद्या ग्रंथाने आपोआप घ्यावी अशी अपेक्षा धरून चालणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी उरलेल्या कारागिरांच्या वह्या, हाताने काढलेले आराखडे आणि दोष शोधण्याच्या क्रमाविषयीची त्यांची तोंडी माहिती आताच गोळा करावी. दुकान बंद होते तेव्हा त्याच्या फळीवरचे कागद पहिल्यांदा रद्दीत जातात.